पॅरोल मंजुरी यंत्रणा (चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे)

चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील वनबहुल जिल्ह्यांतून शिक्षा झालेल्या बंद्यांना अभिवचन रजा (पॅरोल) व संचित रजा (फर्लो) देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाच्या प्रशासकीय व कारागृह अधिकाऱ्यांमार्फत घेतला जातो. इंग्लंड, कॅनडा किंवा अमेरिकेतील अनेक राज्यांप्रमाणे महाराष्ट्रात स्वतंत्र पॅरोल मंडळ नाही. त्यामुळे पॅरोलवर निर्णय देणाऱ्या व्यक्तीने कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य किंवा गुन्हेशास्त्र यांपैकी कोणत्या विषयाचे शिक्षण वा अनुभव घेतलेला असावा, याची अटही येथील नियमांत आढळत नाही. अधिकार पदाला दिलेला आहे. पदावरील व्यक्तीची पार्श्वभूमी तिच्या सेवेप्रमाणे ठरते.

संज्ञा आणि नियमांची पार्श्वभूमी

मराठी वृत्तपत्रांत ‘पॅरोल’ हा शब्द कैद्याच्या कोणत्याही तात्पुरत्या सुटकेसाठी वापरला जातो. नियमांत मात्र दोन वेगळ्या रजा आहेत. संचित रजा ही ठरावीक शिक्षा भोगून झालेल्या आणि चांगली वर्तणूक असलेल्या बंद्याला विशिष्ट कारण न दाखवता मिळू शकते. दीर्घ कारावासात कुटुंबाशी नाते तुटू नये, हा तिचा हेतू. अभिवचन रजेसाठी कारण लागते: जवळच्या नातलगाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, पत्नीची प्रसूती, घर कोसळणे, आग, पूर इत्यादी. पाश्चात्त्य देशांत ‘पॅरोल’ म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली कारागृहाबाहेर भोगण्याची मुभा. भारतात तिला जवळची गोष्ट म्हणजे मुदतपूर्व सुटका, आणि तिची यंत्रणा पुन्हा वेगळी आहे. परदेशातील पॅरोल मंडळांशी येथील व्यवस्थेची तुलना करताना हा फरक ध्यानात न घेतल्यास गोंधळ उडतो.

दोन्ही रजांचे नियमन ‘कारागृह (मुंबई संचित रजा व अभिवचन रजा) नियम, १९५९’ यांनुसार होते. हे नियम तयार झाले तेव्हा विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आजचे चंद्रपूर व गडचिरोली, म्हणजे तेव्हाचा चांदा जिल्हा, मध्य प्रदेशात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नियमांत पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. २०१६ नंतरच्या दुरुस्त्यांनी तातडीची आणि नियमित अभिवचन रजा असे भेद अधिक स्पष्ट केले.

संचित रजा हा बंद्याचा निरपवाद हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुरेश पांडुरंग दरवाकर (२००६) या खटल्यात म्हटले. गुजरातमध्येही हेच १९५९ चे नियम लागू असल्याने नारायण साई प्रकरणातील २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रातील अर्जांतही उद्धृत केला जातो.

निर्णय घेणारे अधिकारी

चंद्रपूर येथे जिल्हा कारागृह आहे, परंतु तेथील बंद्यांत न्यायाधीन बंद्यांचा भरणा असतो. खटला चालू असलेल्या बंद्याला पॅरोल लागू होत नाही. त्याचा मार्ग जामिनाचा. दोन्ही जिल्ह्यांतील सत्र न्यायालयांनी जन्मठेप किंवा दीर्घ मुदतीची शिक्षा दिलेले बंदी सामान्यतः नागपूर मध्यवर्ती कारागृहात पाठवले जातात. त्यांचे अर्ज तेथूनच सुरू होतात.

संचित रजेचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षक घेतात. या भागासाठी ते पूर्व विभाग, नागपूर येथील अधिकारी होत. जवळच्या नातलगाच्या मृत्यूनंतरची तातडीची अभिवचन रजा कारागृह अधीक्षकांच्या पातळीवर मंजूर होऊ शकते. नियमित अभिवचन रजा विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत येते. नागपूर महसूल विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. त्यामुळे इंद्रावतीकाठच्या गावातील बंद्याच्या रजेवरील सही नागपुरात होते.

विभागीय आयुक्त हे भारतीय प्रशासन सेवेतील ज्येष्ठ अधिकारी असतात. महसूल, निवडणूक, आपत्ती निवारण, भूसंपादन, जिल्हा परिषदांवरील देखरेख अशा अनेक कामांमध्ये पॅरोलचे अर्ज हे त्यांच्याकडील एक लहान काम आहे. या सेवेत कोणत्याही विद्याशाखेचा पदवीधर येऊ शकतो. कारागृह सेवेतील अधिकाऱ्यांना बंद्यांशी रोजच्या संबंधाचा अनुभव असतो आणि त्यांचे प्रशिक्षण येरवडा येथील दौलतराव जाधव कारागृह अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात होते. त्यात सुधारसेवेचे विषय असतात. तथापि बंद्याच्या मानसिक स्थितीचे किंवा पुन्हा गुन्हा करण्याच्या शक्यतेचे मूल्यमापन प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाने करून तो अहवाल रजेच्या प्रस्तावासोबत जोडलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. बंदी यापूर्वी वेळेवर परतला का, आणि कारागृहात त्याला शिक्षा झाली होती का, या दोन नोंदींवर भर असतो.

रजा नाकारल्यास वरिष्ठ अधिकारी किंवा शासन यांच्याकडे दाद मागता येते. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे फौजदारी रिट याचिकेच्या रूपाने येतात. काही बंदी कारागृहातूनच पत्राने याचिका धाडतात आणि न्यायालय त्यांच्यासाठी विधिसेवा यंत्रणेमार्फत वकील नेमते. या टप्प्यावर प्रथमच कायद्याचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती संपूर्ण प्रकरण तपासते, असे अनेकदा घडते.

पोलीस अहवाल आणि गाव

निर्णयावर सही कोणाची, यापेक्षा त्या सहीपूर्वी कोणाचे म्हणणे कागदावर येते हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत अधिक महत्त्वाचा ठरतो. अर्ज आल्यावर बंद्याच्या मूळ गावी पोलीस पडताळणी होते. तो कोठे राहील, जामीनदार कोण, त्याची ऐपत किती, फिर्यादी किंवा मृताचे कुटुंबीय जवळपास राहतात का, गावात तंटा होण्याची शक्यता आहे का, याची विचारपूस करून पोलीस अधीक्षकांमार्फत अहवाल जातो. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून पोलिसांनी शिफारस न केल्यास संचित रजा नाकारता येते, अशी तरतूद नियमांतच आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा यांसारख्या औद्योगिक व कोळसा खाणींच्या गावांत ही चौकशी इतर जिल्ह्यांसारखीच होते. तेथील अडचण वेगळी आहे. कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबाचा पक्का पत्ता आणि स्थानिक जामीनदार मिळणे कठीण जाते. गडचिरोलीच्या दक्षिण व पूर्व भागात, म्हणजे भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत, हीच चौकशी दुर्गम भागातील पोलीस मदत केंद्रातून होते. ही केंद्रे माओवादी हिंसाचाराच्या काळात प्रामुख्याने सुरक्षेसाठी उभारली गेली. बंदी गावी आल्यास माओवाद्यांच्या संपर्कात येईल, किंवा उलट, माओवाद्यांकडून त्याच्याच जिवाला धोका होईल, अशा दोन्ही शंकांना येथे आधार असू शकतो. परंतु एखादे गाव नक्षलप्रभावित आहे हे विधान त्या गावच्या प्रत्येक बंद्याला सारखेच लागू पडते आणि एकाही बंद्याबद्दल काही सांगत नाही. मोघम प्रतिकूल अहवाल पुरेसा नसून त्यामागे बंद्याशी संबंधित ठोस माहिती हवी, अशी भूमिका उच्च न्यायालयाने निरनिराळ्या प्रकरणांत घेतली आहे.

या साखळीत पोलीस पाटलाचे स्थान लक्षणीय आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमल्या जाणाऱ्या या पदासाठी वय, शिक्षण आणि त्याच गावचा रहिवास अशा अटी घातलेल्या आहेत. गावाची ओळख असणे ही पात्रता या यंत्रणेत सर्वांत खालच्या पदासाठी लेखी आहे. वरच्या पदांसाठी नाही. मात्र गडचिरोलीच्या काही भागांत पोलीस पाटलांवर माओवाद्यांनी हल्ले केले असल्याने गावाबाबत मोकळेपणाने सांगणे हे या पदावरील व्यक्तीसाठी जोखमीचे काम राहिले आहे.

भाषेचाही प्रश्न येतो. गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली बोलल्या जातात. माडिया गोंड समाजाचा समावेश केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होतो; महाराष्ट्रात असे तीनच गट असून कातकरी व कोलाम हे इतर दोन. माडिया भाषक कुटुंबाचा जबाब मराठीत लिहिला जातो, तेव्हा दुभाषा बहुधा पोलीस दलातीलच असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो. पूर हे नियमित अभिवचन रजेचे मान्य कारण आहे आणि त्याच पुरामुळे रजेची पडताळणीही लांबते.

विशेष कायद्यांखालील बंदी

दहशतवादी स्वरूपाच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना रजेतून वगळणाऱ्या तरतुदींचा परिणाम गडचिरोलीत अधिक जाणवतो, कारण बेकायदा हालचाली (प्रतिबंध) अधिनियमाखालील अनेक खटले येथे दाखल झाले आहेत. यांतील सर्वाधिक चर्चिला गेलेला खटला दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचा. गडचिरोली सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी साईबाबा व अन्य चार जणांना जन्मठेप आणि सहाव्या आरोपीला १० वर्षांची शिक्षा सुनावली. साईबाबा चाकाच्या खुर्चीवर अवलंबून होते व नागपूर मध्यवर्ती कारागृहात होते. २०२० मध्ये आई कर्करोगाने अत्यवस्थ असताना त्यांना रजा मिळाली नाही. १ ऑगस्ट २०२० रोजी आईचे निधन झाले. अंत्यविधीसाठीही त्यांना बाहेर येता आले नाही. याच खटल्यातील गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी बंदी ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच मरण पावला.

नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्व आरोपींना दोषमुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्या निकालाला स्थगिती दिली व एप्रिल २०२३ मध्ये तो रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. खंडपीठाच्या दुसऱ्या पीठाने ५ मार्च २०२४ रोजी पुन्हा सर्वांची निर्दोष मुक्तता केली. साईबाबा यांचे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी हैदराबाद येथे निधन झाले. गुन्ह्याच्या कलमावरून सरसकट वगळण्याची पद्धत असली की निर्णयकर्त्याच्या पात्रतेचा प्रश्नच उरत नाही, कारण ठरवण्यासारखे त्याच्या हाती फारसे राहत नाही.

२०२० ची उच्चाधिकार समिती

करोना साथीच्या प्रारंभी, २३ मार्च २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील गर्दी कमी करण्यासाठी प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. समितीत कोण असावे हेही न्यायालयानेच ठरवून दिले: राज्य विधिसेवा यंत्रणेचे प्रमुख, गृह किंवा कारागृह विभागाचे प्रधान सचिव आणि कारागृह महासंचालक. महाराष्ट्रात न्यायमूर्ती ए. ए. सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती झाली. तात्पुरत्या सुटकेबाबत न्यायाधीश, प्रशासक आणि कारागृह प्रमुख एकत्र बसण्याचा हा विरळा प्रसंग होता. साथरोगाच्या प्रश्नावर नेमलेल्या या समितीत वैद्यकीय सदस्य मात्र नव्हता. ८ मे २०२० रोजी १९५९ च्या नियमांत दुरुस्ती होऊन अधीक्षकांना ४५ दिवसांची तातडीची अभिवचन रजा देण्याचा अधिकार मिळाला. सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या बंद्यांसाठी पूर्वीच्या दोन रजांवरून वेळेवर परतल्याची अट होती, आणि विशेष कायद्यांखालील बंदी वगळलेले होते. आधी कधीच रजा न मिळालेल्या बंद्याने ही अट कशी पूर्ण करायची, यावरून उच्च न्यायालयात वाद झाले.

मुदतपूर्व सुटकेची मंडळे

शिक्षा पूर्ण होण्यापूर्वी कायमच्या सुटकेसाठी मात्र बहुसदस्य मंडळाची कल्पना भारतात रुजलेली आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्यांना सुचवलेल्या शिक्षा पुनर्विलोकन मंडळात गृह विभागाचे सचिव अध्यक्ष, विधी व न्याय विभागाचे सचिव, उच्च न्यायालयाने नामनिर्देशित केलेले जिल्हा व सत्र न्यायाधीश, मुख्य परिविक्षा अधिकारी, पोलीस महानिरीक्षक दर्जाचे अधिकारी आणि सदस्य-सचिव म्हणून कारागृह महानिरीक्षक यांचा समावेश आहे. यांपैकी परिविक्षा अधिकाऱ्याचे स्थान विशेष म्हणावे लागेल. गुन्हेगाराच्या कुटुंबाची, कामधंद्याची व पुनर्वसनाची चौकशी करणे हेच ज्याचे मूळ काम, असा मंडळातील तो एकमेव सदस्य. महाराष्ट्रात मुदतपूर्व सुटकेचे प्रस्ताव गुन्ह्यांच्या वर्गवारीनुसार आखलेल्या शासकीय मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे शासनाकडे जातात आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत मागवले जाते. या मताची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ मध्ये आहे.

मंडळातील सदस्य कोण, हा विषय देशभर चर्चेत आला तो बिल्किस बानो प्रकरणात. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने ११ दोषींना सोडले. त्यांच्या सुटकेची शिफारस करणाऱ्या गोध्रा येथील कारागृह सल्लागार समितीत सत्ताधारी पक्षाचे दोन आमदार होते. मुंबईतील विशेष न्यायाधीशांचे मत प्रतिकूल असतानाही शिफारस अनुकूल झाली. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालल्याने निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता, हे त्यामागील मुख्य कारण. या ११ जणांपैकी बहुतेकांना शिक्षेच्या काळात पॅरोल, फर्लो इत्यादी मार्गांनी १,००० हून अधिक दिवस बाहेर राहण्याची संधी मिळाल्याचे न्यायालयापुढील कागदपत्रांतून दिसले. ज्या नियमांखाली गडचिरोलीच्या बंद्याचा अर्ज तपासला जातो, गुजरातमध्येही तेच नियम लागू आहेत.

बाल न्याय मंडळाशी तुलना

निर्णयकर्त्याची व्यावसायिक पार्श्वभूमी कायद्यात लिहिता येते, याचे उदाहरण प्रत्येक जिल्ह्यात उपलब्ध आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४ नुसार बाल न्याय मंडळात किमान तीन वर्षांचा अनुभव असलेला दंडाधिकारी आणि दोन समाजसेवी सदस्य असतात. त्यांपैकी एक महिला असावी लागते. समाजसेवी सदस्याने मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षे सक्रिय सहभाग घेतलेला असावा, किंवा तो बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र अथवा कायदा या विषयांतील पदवीधर व्यावसायिक असावा, अशी अट आहे. त्यामुळे एकाच गुन्ह्यात १७ आणि १९ वर्षांचे दोन भाऊ असतील, तर धाकट्याचे काय करायचे हे ठरवताना समाजसेवी सदस्यांचे मत कायद्यानेच आवश्यक ठरते, आणि थोरल्याच्या रजेवर सामान्य प्रशासनातील अधिकारी एकट्याने निर्णय देतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून फौजदारी न्यायव्यवस्थेत समाजकार्यकर्त्यांचे काम उभे करत आहे. परंतु रजेच्या निर्णयात अशा कार्यकर्त्यांना वैधानिक स्थान नाही.

अन्य राज्ये व देश

राजस्थानात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पॅरोल सल्लागार समितीची पद्धत आहे. त्यामुळे निर्णय निदान बंद्याच्या जिल्ह्याजवळ येतो.

इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने पॅरोल मंडळ आले. तेथील मंडळात न्यायिक पदाचा अनुभव असलेली व्यक्ती, मनोविकारतज्ज्ञ, सुटलेल्या कैद्यांच्या देखरेखीचा अनुभव असलेली व्यक्ती आणि गुन्ह्यांची कारणे किंवा गुन्हेगारांवरील उपचार यांचा अभ्यासक असणे कायद्याने आवश्यक आहे. न्यूयॉर्क राज्यात सदस्य गुन्हेशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, समाजकार्य, मानसशास्त्र, वैद्यक इत्यादींपैकी एका विषयाचा पदवीधर आणि त्या क्षेत्रात पाच वर्षांचा अनुभव असलेला लागतो. मंडळावरील नेमणुका राज्यपाल करीत असल्याने राजकीय नेमणुकांचे आरोप तेथेही होतात. पदवीची अट त्यांना पूर्णपणे रोखत नाही.

कॅनडाच्या कायद्यात सदस्यांसाठी ठरावीक पदव्या सांगितलेल्या नाहीत. सर्व सदस्य मिळून समाजातील मूल्ये व दृष्टिकोन यांचे प्रतिनिधित्व करतील इतकी त्यांची पार्श्वभूमी विविध असावी, असे तो कायदा म्हणतो. १९९२ पासून तेथे आदिवासी कैद्यांच्या सुनावणीत समाजातील ज्येष्ठ व्यक्तीला बसवण्याची पद्धत आहे. हा ज्येष्ठ मतदान करीत नाही. तो मंडळाच्या सदस्यांना त्या समाजाच्या चालीरीती समजावून देतो आणि कैद्याशी त्याच्या परंपरेच्या भाषेत बोलतो.

गडचिरोलीच्या माडिया व गोंड गावांत गायता, भूमिया यांसारखे पारंपरिक प्रमुख आणि अनेक गावांच्या ‘इलाख्या’च्या बैठका आजही तंटे हाताळतात. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे लागू असलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४(ड) ने रूढीनुसार तंटे सोडवण्याची ग्रामसभेची क्षमता मान्य केली आहे. गावात परतणाऱ्या बंद्याबद्दल मृताच्या कुटुंबाशी समेट झाला आहे का, भरपाई ठरली आहे का, त्याला कोणाच्या घरी ठेवता येईल, ही माहिती बहुधा याच बैठकांत असते. १९५९ च्या नियमांत मात्र ग्रामसभेचे मत मागवण्याची तरतूद नाही. अर्जासोबत जोडायचा अहवाल पोलीस ठाण्याकडूनच मागवला जातो.